तिला येतं, पण लिहिता येत नाही : नववीचे पहिले आठवडे

प्रेषक : नववीतल्या मुलीची आई

नमस्कार मंडळी,

आम्ही दोन महिन्यांपूर्वीच इथे आलो. मुलगी इंटरनॅशनल स्कूलमध्ये नववीत, म्हणजे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमातल्या एमवायपी या सहावी ते दहावीच्या टप्प्याच्या चौथ्या वर्षात बसली आहे. आठवीपर्यंत ती सेमी-इंग्रजीला होती. गणित-विज्ञानाचं पुस्तक इंग्रजी, पण शिकवणं सगळं मराठीतून.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले. दर तासाला वर्ग बदलतो, पुस्तकं लॉकरमध्ये, आणि वेळापत्रक सहा दिवसांच्या चक्राचं, त्यामुळे सोमवार हा सोमवार नसतोच. सकाळी ती बूट घालता घालता विचारते, "आई, आज डे फोर ना?" हे सगळं जमेल. माझा घोर वेगळाच आहे. ती घरी येते, दप्तर ठेवते आणि गप्प बसते. आमच्याकडे ही मुलगी कधी गप्प नसायची.

मागच्या आठवड्यात विज्ञानाचं पहिलं काम तपासून आलं. विषय बाष्पीभवनाचा, गुण द्यायच्या चार निकषांपैकी निकष बी, गुण आठपैकी तीन. खाली शिक्षकांनी लिहिलंय की अंदाज बरोबर आहे, कारण दिलेलं नाही. तिला कारण ठाऊक आहे, मला तिने सहावीत असताना समजावून सांगितलं होतं. पालकभेटीत शाळेतल्या एका मॅडमनी सुचवलं, घरी इंग्रजीच बोला, पटकन सुधारेल. तेव्हापासून आमच्या घरी रात्री जेवताना इंग्रजी सुरू झालं आहे. खरं सांगायचं तर इंग्रजी नाही, शांतता सुरू झाली आहे. ती "येस", "फाइन" म्हणते आणि ताट उचलून जाते.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगावं. चालू ठेवू की थांबवू?

*

प्रेषक : बारावी झालेल्या मुलाचे बाबा

ताई, आधी त्या तीनबद्दल. आपण आठपैकी तीन वाचतो आणि डोक्यात लगेच सदतीस टक्के येतात. मीही तसंच केलं होतं आणि मुलाला नको ते बोललो होतो. ते टक्के नव्हेत. एमवायपीत प्रत्येक विषयाला ए, बी, सी, डी असे चार निकष असतात, प्रत्येकाला ८, म्हणजे ३२. वर्षाखेरीस त्या बेरजेवरून १ ते ७ यांपैकी श्रेणी ठरते. २८ आणि पुढे ७, २४ ते २७ ला ६, १९ ते २३ ला ५. आणि मुख्य म्हणजे शिक्षक वर्षभराच्या गुणांची सरासरी काढत नाहीत. मूल शेवटी कुठवर पोचलं त्यावर ते निर्णय करतात. सुरुवातीचा तीन हा जन्मभर मानगुटीवर बसत नाही.

घरी इंग्रजी बोलण्याबद्दल : आम्ही रोज एक तास बोलायचो. माझ्या मते फायदा झाला. निदान त्याची भीड चेपली.

जाता जाता, अकरावीला आयबी डिप्लोमाचे, म्हणजे अकरावी-बारावीच्या टप्प्याचे, विषय निवडताना गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम असतात आणि ती निवड घाईने करू नका. पण त्याला अजून वेळ आहे, तेव्हा वेगळं लिहीन.

*

प्रेषक : इंटरनॅशनल शाळेत ईएएल (अतिरिक्त भाषा म्हणून इंग्रजी) शिकवणारी एक सभासद

ताई, दादा,

गेली बरीच वर्षं मी हेच काम करते. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही अशी मुलं माझ्याकडे येतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि दादांशी थोडी असहमत होऊन लिहिते.

घरातलं इंग्रजी थांबवा. आजपासून.

जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये एक भेद मांडला आणि तो आमच्या व्यवसायात आजही पायाचा मानला जातो. गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. गप्पांची भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात. मैदानावर, बसमध्ये, मैत्रिणींत ती आपोआप येते. अभ्यासाच्या भाषेत समवयस्कांच्या बरोबरीला यायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. "घरी इंग्रजी बोला" या सल्ल्याने जी भाषा तशीही येणार होती तिचाच सराव होतो, आणि जिथे मूल खोलवर विचार करू शकतं ती भाषा बंद होते. दादा, तुमच्या मुलाची भीड चेपली हे मला मान्य आहे. पण तो लहानपणापासून इथल्याच शाळेत होता ना? या मुलीचं तसं नाही. "अमुक झालं म्हणून तमुक होतं" हे तिला आज मराठीत सहज सांगता येतं. ते इंग्रजीत न्यायचं आहे. जे न्यायचं तेच घरातून काढून टाकलं तर नेणार काय?

आता त्या तीनचा खरा अर्थ. निकष बी म्हणजे प्रश्न मांडणं आणि प्रयोग आखणं. तिच्याकडे निकषांचा तक्ता असेलच. तो उघडा आणि फक्त क्रियापदं वाचा. १-२ ला स्टेट, ३-४ ला आउटलाइन, ५-६ ला डिस्क्राइब, ७-८ ला एक्सप्लेन. हे शब्द तिथे सहज आलेले नाहीत, प्रत्येकाचा अर्थ आयबीने ठरवून दिलेला आहे. स्टेट म्हणजे नुसतं उत्तर, कारणाशिवाय. आउटलाइन म्हणजे थोडक्यात. डिस्क्राइब म्हणजे तपशिलाने. एक्सप्लेन म्हणजे तपशील आणि कारण, दोन्ही. आपल्या पिढीला हे शिकवायची गरज नाही. "थोडक्यात लिहा", "वर्णन करा" आणि "शास्त्रीय कारणे द्या" यांतला फरक आपण परीक्षेला बसून शिकलो आहोत. एक्सप्लेन म्हणजे शास्त्रीय कारणे द्या, एवढं तिला सांगून बघा.

आणि एक करा. पुढचं काम आलं की लिहायला बसण्याआधी तिला ते तुम्हाला मराठीत समजावू द्या. तुम्ही इंग्रजी शब्द सुचवू नका. फक्त "का?" विचारत राहा. तिचं बोलणं संपलं की मग तिने लिहावं. वर्गात दोन भाषा अशा मुद्दाम हातात हात घालून वापरायच्या पद्धतीला ट्रान्सलँग्वेजिंग म्हणतात. मूळ शब्द वेल्श भाषेतला आहे. तिथल्या शाळांत मुलं एका भाषेत वाचून दुसरीत लिहायची, त्यावरून तो आला. म्हणजे आपल्यासारख्याच एका भाषेने आपल्या मुलांसाठी शोधलेली वाट आहे ही. मला ती फार जवळची वाटते.

शिक्षकांना एक मेल जरूर करा. तक्रार म्हणून नव्हे. "तिला कारण माहीत आहे, लिहिण्याआधी ते तोंडी सांगायची संधी मिळेल का?" इतकंच विचारा. चांगले शिक्षक हो म्हणतात.

*

प्रेषक : याच वाटेने गेलेली, आता कॉलेजात असलेली एक मुलगी

काकू, मी एरवी इथे फक्त वाचते, पण ती गप्प बसते हे वाचून राहवलं नाही.

पहिल्या महिन्यात मी पण गप्प असायचे. दुःख झालेलं नसायचं, दमलेली असायचे. सात तास प्रत्येक वाक्य डोक्यात आधी जुळवायचं, आणि जुळेपर्यंत वर्गाचा विषय पुढे गेलेला असायचा. घरी आल्यावर कुणी काही विचारू नये असं वाटायचं. माझी आई चार वाजता काही विचारायचीच नाही. नुसती शेजारी बसायची. सहा वाजेपर्यंत मीच बोलायला लागायचे.

सगळ्यात अवघड तास मधल्या सुट्टीचा असतो. वर्गात जागा ठरलेली असते, जेवायच्या हॉलमध्ये नसते. ट्रे हातात घेऊन कुठे बसायचं हे शोधतानाचा तो अर्धा मिनिट मला अजून आठवतो. तिला क्लबचं विचारा. सत्राच्या सुरुवातीला क्लबांची नावनोंदणी असते आणि बरेच क्लब मधल्या सुट्टीत भरतात. मी स्टेज क्रूमध्ये, म्हणजे नाटकाच्या पडद्यामागच्या मंडळींत गेले. तिथे बोलावं लागत नाही, दिवे धरावे लागतात. दिवे धरता धरता ओळखी झाल्या.

अजून एक, नाव. माझ्या नावात "ज्ञ" आहे. पहिल्या दिवशी हजेरी घेताना सर अडखळले, मी घाईने "इट्स ओके" म्हणाले, आणि पुढची दोन वर्षं मी भलत्याच नावाने वावरले. शेवटी एका नव्या मॅडमनी थांबून तीनदा विचारून घेतलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात उच्चार लिहिला. त्या दिवशी मी वर्गात पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला. तिला सांगा, पहिल्याच महिन्यात दुरुस्त करून घे. नंतर फार जड जातं.

*

प्रेषक : नववीतल्या मुलीची आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी करून बघायचं होतं.

जेवताना मराठी परत आली. पहिल्या दिवशी तिने संशयाने बघितलं आणि विचारलं, "संपलं का इंग्रजी?" तिचे बाबा म्हणाले, "संपलं." मग ती शाळेतल्या एका भांडणाबद्दल पाऊण तास बोलली.

शिक्षकांना मेल केली. त्यांनी तेच बाष्पीभवनाचं काम पुन्हा लिहून द्यायला सांगितलं. तेव्हा तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. पसरट ताटलीत १०० ग्रॅम पाणी, उभ्या ग्लासात १०० ग्रॅम, दोन्ही रात्रभर एकाच ओट्यावर. सकाळी ताटलीतलं ३८ ग्रॅम उडालं होतं, ग्लासातलं ३ ग्रॅम.

मी "का?" विचारलं. ती म्हणाली, पाणी वरूनच उडतं, ताटलीला "वर" जास्त आहे. मी पुन्हा विचारलं, का? मग हात हलवत सुरू झाली. पाण्याचे रेणू सगळे सारख्या वेगाने हलत नाहीत, जे पृष्ठभागाशी आहेत आणि वेगात आहेत तेच सुटतात, पृष्ठभाग मोठा तर सुटायच्या जागेवर असलेले रेणू जास्त. मग स्वतःच थांबली. "आणि आई, ग्लासात पाण्याच्या वरची हवा दमट होऊन तिथेच अडकते. म्हणजे मी दोन गोष्टी एकदम बदलल्या. नुसतं क्षेत्रफळ नाही बदललं." नियंत्रित चल (प्रयोगात मुद्दाम सारखी ठेवायची गोष्ट) हा शब्द तिचाच. त्यापुढे वजनकाट्यावर घसरली : तो एका ग्रॅमपर्यंतच दाखवतो, मग तीन ग्रॅममध्ये एक ग्रॅमची चूक म्हणजे केवढी! उंची सारखी आणि तोंडं लहान-मोठी अशी भांडी हवीत आणि ती दोन दिवस ठेवायला हवीत, असा तिचा निकाल.

तेवढ्यावर मी म्हटलं, आता हेच लिही. तिने दीड पान लिहिलं. व्याकरणाच्या चुका आहेत, दोन ठिकाणी वाक्य अर्धवट सुटलंय. मी हात लावला नाही. प्रत्येक परिच्छेदात "बिकॉज" आहे.

काल गुण आले, सहा. शेजारी शिक्षकांनी लिहिलंय की ग्लासातल्या दमट हवेचा मुद्दा वर्गात आणखी कुणाच्याही लक्षात आला नव्हता, तो सोमवारी तिने सगळ्यांना सांगावा. मला वाटलं ती घाबरेल. रात्री उशिरा तिच्या खोलीत दिवा दिसला म्हणून डोकावले, तर आरशासमोर उभी राहून आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, दोन्हींत म्हणून बघत होती.

स्टेज क्रूला नाव दिलंय. मधल्या सुट्टीत दोघीजणी असतात म्हणाली, दुसरी कुठली ते अजून विचारलेलं नाही. चार वाजता मी काही विचारत नाही.

दादा, अकरावीच्या गणिताबद्दल जरूर लिहा. तिच्या बाबांनी आत्ताच विचारायला सुरुवात केली आहे.