बुलेट ३५०: मोठ्या व्हॉल्व्हचं हेड, डोम पिस्टन, आणि हाताने फिरवताना अडणारं इंजिन

सांगलीचा_बुलेटवाला:
नमस्कार मंडळी. वडिलांची १९८९ ची कास्ट आयर्न ३५० आहे. ब्लॉक झिजला होता म्हणून ०.५० ओव्हरसाईजला (अर्धा मिमी मोठा) बोअर करून घेतला, आता बोअर ७०.५ मिमी. उघडलंच आहे तर थोडी ताकद वाढवू म्हणून मोठ्या व्हॉल्व्हचं तयार हेड घेतलं. इनलेट (मिश्रण आत सोडणारा व्हॉल्व्ह) जुन्यापेक्षा ३ मिमी मोठा आहे. पिस्टन दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतला: फोर्ज्ड, उंच डोमचा (म्हणजे माथा घुमटासारखा), हाय कॉम्प्रेशन. दोघांनीही "बुलेट ३५० ला बसतं" असंच सांगितलं होतं.

काल सगळं जोडलं. प्लग काढून, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) ओलांडली की लगेच टक् असा आवाज येतो आणि चाक अडतं. जोर लावलेला नाही. मेस्त्री म्हणतात, हेडखाली दोन गॅस्केट टाकू, मोकळं होईल. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. गाडी वडिलांची आहे, ते रोज संध्याकाळी येऊन बघून जातात. घाई करून इंजिन फोडायचं नाही. जाणकारांनी मार्ग सांगावा.

कऱ्हाड_३५०:
दोन गॅस्केट अजिबात टाकू नका. बुलेटच्या हेडला एक गॅस्केट धरून ठेवतानाच नट पुन्हापुन्हा आवळावे लागतात, दोन टाकली तर महिनाभरात फुंकतील. आधी टायमिंग गिअरच्या खुणा जुळल्यात का ते पाहा. एक दात इकडेतिकडे झाला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो.

सांगलीचा_बुलेटवाला:
खुणा दोनदा तपासल्या, बरोबर आहेत. टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) पुस्तकाप्रमाणे: थंड इंजिनवर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बोटांनी फिरतो, वर-खाली हलत नाही.

उद्यमनगरचा_लेथवाला:
भावा, जोर लावला नाहीस हे फार चांगलं केलंस. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लेथ आहे, तीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाईकाची अशीच अडलेली बुलेट मी "नवीन आहे, घट्ट असणार" म्हणून किक मारून फिरवली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकला आणि गाइडला तडा गेला. पैसे मी भरले, पण त्या माणसाची गाडी दोन महिने उभी राहिली, ते आजही मनाला लागतं. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं काम: काय अडतंय ते शोध. रॉकर ब्लॉक उघड, दोन्ही पुशरॉड बाहेर घे आणि चाक पुन्हा फिरव. आता व्हॉल्व्ह बंदच राहणार. तरीही अडलं तर डोम हेडला घासतोय. मोकळं फिरलं तर व्हॉल्व्ह लागतोय. तू लिहिलंयस की टीडीसी ओलांडल्यावर अडतं. त्या क्षणी पिस्टन खाली निघालेला असतो आणि इनलेट उघडत त्याच्या मागे येत असतो. एक्झॉस्ट असता तर टीडीसीच्या आधी लागला असता, कारण तेव्हा तो मिटत असतो आणि पिस्टन त्याच्या अंगावर चढत असतो. त्यामुळे माझा संशय इनलेटवर आहे.

आता मुलांची खेळायची चिकणमाती आण. हेड काढून पिस्टनच्या दोन्ही पॉकेटमध्ये (व्हॉल्व्हसाठी माथ्यावर कापलेल्या खोलगट जागा) आणि डोमच्या कडेने तिचा जाड थर लाव, वर थोडं तेल चोळ, म्हणजे व्हॉल्व्हला चिकटणार नाही. हेड त्याच गॅस्केटसह पूर्ण आवळ, पुशरॉड घाल, आणि चाक हळूच फिरव. अडलं तिथेच थांब, मागे फिरव आणि हेड काढ. ब्लेडने माती आडवी काप. व्हॉल्व्हचा ठसा कुठे उमटलाय आणि तिथे माती किती जाड उरली, हे व्हर्नियरने मोज. मी इनलेटला दीड मिमी आणि एक्झॉस्टला दोन मिमी मोकळी जागा ठेवतो. एक्झॉस्ट जास्त तापतो, लांबतो, म्हणून त्याला जास्त.

बहुतेक वेळा पॉकेटची खोली पुरते, घेर कमी पडतो. पिस्टनवाल्याने पॉकेट कापलंय मूळ व्हॉल्व्हच्या मापाने. हेडवाल्याने बसवलाय ३ मिमी मोठा व्हॉल्व्ह. आपापल्या जागी दोघंही बरोबर, पण एकमेकांचं माप कोणी घेतलेलं नाही. व्हॉल्व्हच्या कडेपासून पॉकेटच्या भिंतीपर्यंत चहूबाजूंनी सव्वा मिमी तरी अंतर हवं. व्हॉल्व्ह हेडमध्ये तिरका असतो, त्यामुळे पॉकेटही त्याच कोनात कापलेलं हवं. सपाट कापलेलं पॉकेट एका कडेला लागतंच.

मातीचा फोटो टाक, मग पुढचं बोलू. आणखी एक: या इंजिनाचं मूळ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) सव्वासातच्या आसपास आहे. तुझ्या पिस्टनवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नकोस, तुझ्या हेडमध्ये ते किती होतं ते मोज. पिस्टन टीडीसीला आण, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगचं भोक सगळ्यात वर येईल असं इंजिन तिरकं कर, आणि ब्युरेटने पातळ तेल सोडत भोकाच्या तळाच्या आट्यापर्यंत भर. जितके सीसी तेल गेलं तितकी वरची जागा.

सांगलीचा_बुलेटवाला:
काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पुशरॉड काढल्यावर इंजिन मोकळं फिरलं. मातीत इनलेटच्या पॉकेटच्या बाहेरच्या कडेवर चंद्रकोरीसारखा कोरलेला ठसा आहे, आणि तिथे माती पार कापली गेलीये, धातू दिसतो. पॉकेटच्या मध्ये मात्र पावणेदोन मिमी उरलीये. एक्झॉस्टला सगळीकडे दोनच्या वर आहे. व्हॉल्व्ह काढून गुळगुळीत लोखंडी प्लेटवर फिरवून पाहिला, वाकलेला नाही. ते बघून जीव भांड्यात पडला.

तेल ४२ सीसी गेलं. म्हणजे कॉम्प्रेशन किती?

उद्यमनगरचा_लेथवाला:
७०.५ बोअर, ९० स्ट्रोक, म्हणजे ३५१ सीसी. ३५१ अधिक ४२, भागिले ४२: ९.३६. या इंजिनाला हे फार होतं. तुझ्या गाडीत बिग एंडला (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) फ्लोटिंग बुश आहे ना? त्या बुशवर हा भार रोज टाकायचा नाही. पंपावर साधंच पेट्रोल मिळतं. उन्हाळ्यात डबलसीट घाट चढताना नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठकठक) होणारच. आणि वडील किक मारणार असतील तर किकबॅकचा (किक उलटी पायावर येण्याचा) विचार आधी कर, पायाचं हाड जाऊ शकतं.

ब्लॉकखाली प्लेट टाकायचा सल्ला कोणीतरी देईलच. १ मिमीच्या प्लेटने साधारण ३.९ सीसी वाढतात, हिशेब जुळतो. पण मग पिस्टनच्या कडेला मिश्रण दाबलं जाणारी अरुंद जागाही १ मिमीने रुंदावते, आणि नेमकी तीच जागा नॉकिंग आवरते. शिवाय उंच डोम तसाच राहतो. बुलेटचा प्लग एका बाजूला, मध्ये हा डोंगर, ज्वाळेला पलीकडे पोचायला वेळ लागतो. म्हणून मी डोमच कमी करतो.

पिस्टन आणि हेड दोन्ही घेऊन ये. पॉकेट व्हॉल्व्हच्या कोनात रुंद करू, त्यात २ सीसी जातील. लेथवर डोमचा माथा ४ सीसीने उतरवून गोल करू, धारदार कड एकही ठेवायची नाही, तीच तापून लाल होते. आधी आतून माथ्याची जाडी मोजीन, कापून ६ मिमीच्या खाली जात असेल तर हात लावणार नाही. सगळं मिळून वरची जागा ४८ सीसी, कॉम्प्रेशन ८.३. एवढ्यावर वडील आरामात किक मारतील आणि फरकही जाणवेल.

बोअरचं क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) मूळ कास्ट पिस्टनचं धरलं असेल तर थांब. फोर्ज्डला बहुतेक जास्त लागतं, पिस्टनबरोबरच्या कागदावर असेल तेच ठेव. रिंगा बोअरमध्ये घालून तोंडाची फट पाहा, या मापाला ०.३० मिमी मी ठेवतो.

सांगलीचा_बुलेटवाला:
क्लिअरन्स जुन्याच मापाने धरलं होतं, कागदावर जास्त आहे. ब्लॉक होनिंगला (बोअर आतून बारीक घासायला) दिला. सोमवारी पिस्टन आणि हेड घेऊन येतो, वडीलही येतो म्हणतात. इग्निशन टायमिंग काय ठेवू?

उद्यमनगरचा_लेथवाला:
त्यांना जरूर घेऊन ये. टायमिंग कंपनीचंच, टीडीसीआधी ०.८ मिमी, अ‍ॅडव्हान्स युनिट (वेगाबरोबर ठिणगी आधी पाडणारं) पूर्ण मागे असताना. पुढे ओढू नकोस. जोडायच्या आधी मातीची चाचणी पुन्हा एकदा करायची, कापलेल्या पिस्टनवर. येताना तेच गॅस्केट आण ज्यावर मोजलंस, आणि जो प्लग लावणार आहेस तो पण, त्याचं टोक डोमला लागतंय का ते बघू.

कऱ्हाड_३५०:
चालू झाल्यावर पाचशे किलोमीटरला थंड इंजिनवर हेडचे नट पुन्हा आवळा, आणि त्यानंतर टॅपेट. उलटं केलंत तर टॅपेट पुन्हा बघावे लागतील.