सेमिनार सल्ला: मायटोकाँड्रिया आणि हृदय, कुठलं प्रथिन घेऊ?

चिमणचारा: एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री, दुसरं वर्ष. शुक्रवारी २० मिनिटांचा सेमिनार आहे: मायटोकाँड्रियाच्या पटलातली प्रथिनं हृदयाला इजेपासून कशी वाचवतात. व्हीडॅक, एएनटी, कनेक्सिन ४३, पोटॅशियम चॅनेल... वाचून डोकं गरगरतंय. एकच घ्यायचं तर कुठलं? आमच्या बाईंना घोकंपट्टी लगेच कळते.

खलबत्ता: प्रथिन नको, भोक घे! गंमत नाही करत. रक्त अडलं की हृदयपेशी मरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रक्त परत सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांतही नुकसान होतं. रक्त अडलेलं असताना पेशीत आम्लता वाढते, त्यामुळे मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलातलं छिद्र मिटलेलं राहतं. रक्त आलं की आम्लता उतरते, कॅल्शियम आणि ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढलेले असतातच, आणि छिद्र उघडतं. पटलावरचा विद्युतदाब कोसळतो, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनायचं थांबतं, मायटोकाँड्रिया फुगून फुटतो. सायक्लोफिलिन डी नावाचं प्रथिन त्याला उघडायला मदत करतं. ते नसलेल्या उंदरांच्या हृदयाला इजा कमी होते, हे २००५ मध्ये दिसलं.

सुरुवात मात्र मरी, जेनिंग्ज, रायमर यांच्या १९८६ च्या पेपरने कर. कुत्र्यांच्या हृदयाचं रक्त आधी ५-५ मिनिटं ४ वेळा अडवलं, मग सलग ४० मिनिटं. मेलेला भाग एरवीच्या जेमतेम पाव!

चिमणचारा: पण हे छिद्र बनलंय कशाचं?

खलबत्ता: भांडण तिथेच आहे. व्हीडॅक काढलं तरी उघडतं, एएनटी काढलं तरी उघडतं. २०१३ पासून संशय एटीपी सिन्थेजवर, म्हणजे एटीपी बनवणाऱ्यावरच. बाई इथेच प्रश्न विचारणार बघ.

आडवा_छेद: मी कनेक्सिन ४३ घेतलं असतं. पुस्तकात ते दोन पेशींमधला दुवा म्हणून भेटतं, पण हृदयात आतल्या पटलावरही असतं. ते निम्मंच असलेल्या उंदरांना त्या ५-५ मिनिटांच्या तालमीचा फायदा मिळत नाही.

मावळतीकर: मध्येच विचारतो, गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. हे छिद्र बंद ठेवायची गोळी मिळते का?

खलबत्ता: नाही काका. सायक्लोफिलिन डीला अडवणारं सायक्लोस्पोरिन हे औषध देऊन पाहिलंय. २००८ मध्ये ५८ रुग्णांत आशा दिसली, २०१५ मध्ये ९७० रुग्णांत फायदा शून्य. तुमच्या चालू गोळ्या तेवढ्या चुकवू नका.

चिमणचारा: छिद्रच घेते. पहिली स्लाइड कुत्र्यांची, शेवटची ९७० ची. कनेक्सिन बाईंच्या प्रश्नांसाठी राखून ठेवते.