मदत हवी आहे : ज्वारीचा पेरा घटल्यावर देवणी गाईंच्या चाऱ्याचे नियोजन कसे करावे?

नमस्कार. आमची शेती लातूर जिल्ह्यातील उदगीर तालुक्यात असून दावणीला देवणी गाई आहेत. आमच्या भागात रब्बी ज्वारी सर्रास पेरली जाई, तेव्हा कडब्याची गंजी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरत असे. आता खरिपात सोयाबीन आणि त्यामागे हरभरा असाच बहुतेकांचा क्रम झाला आहे. ज्वारी काढायला आणि कणसे मोडायला मजूर मिळत नाहीत, त्यामुळे ती सोडणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण त्या पिकाबरोबर जनावरांचा चाराही गेला.

सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरणाऱ्या काड्या व टरफले) मुबलक मिळते, मात्र गाई शेंगांची टरफले तेवढी वेचून खातात आणि जाड काड्या गव्हाणीच्या तळाशी तशाच राहतात. भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर १०० किलोंना ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि थर दाबून २१ दिवस हवाबंद ठेवतात, ती प्रक्रिया गुळीवर कोणी करून पाहिली आहे काय? काड्या खाल्ल्या जातात का, हे मला मुख्यतः जाणून घ्यायचे आहे.

गाळप हंगामात उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) मिळते. त्यातील ऑक्झलेटमुळे जनावरांच्या शरीरातील कॅल्शियम कमी होते, म्हणून चुन्याची निवळी शिंपडतात, एवढे ठाऊक आहे. सांगली-कोल्हापूरकडील पशुपालक गाभण गाईंना वाढे कितपत देतात, ते कृपया सांगावे. मक्याच्या मुरघासाचे (हवाबंद ठेवून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचे) सल्ले पुष्कळ मिळतात, परंतु ते बहुधा जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईंचा हिशेब धरून दिलेले असतात. देवणीच्या दुधात तो खर्च निघत नाही, असे माझे मत आहे.

म्हणून एकरभर ज्वारी पुन्हा पेरण्याचा विचार आहे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान व्हायला हवी आणि सोयाबीन निघेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, त्यामुळे तेवढ्या तुकड्यात खरिपात सोयाबीनऐवजी लवकर निघणारा उडीद किंवा मूग घ्यावा लागेल. जमीन भारी आहे, विहिरीचे एक-दोन वेळा पाणी देता येईल. मंगळवेढा-सोलापूर भागातील अनुभवी शेतकऱ्यांनी मालदांडी, परभणी मोती आणि फुले रेवती यांपैकी कोणत्या वाणाचा कडबा जनावरे आवडीने खातात आणि कोणता वाण लोळत (आडवा पडत) नाही, हे आपल्या जमिनीचा प्रकार नमूद करून कळवावे.