कॅनडाच्या पीआरचे (कायम निवासाचे) उद्दिष्ट घटले आहे. शक्यता आणि खर्च यांचा अंदाज कसा बांधावा?

चिंचवडकर
नमस्कार. मी ३६ वर्षांचा यांत्रिकी अभियंता असून पत्नी ३२ वर्षांची आहे. ती बी.एस्सी. नर्सिंग असून सात वर्षे अतिदक्षता विभागात काम करते आहे. मुलगी चार वर्षांची आहे. कॅनडाचा विचार दोन वर्षांपासून घरात चालू आहे, पण ४ नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या अर्थसंकल्पासोबत जाहीर झालेली नवी योजना वाचल्यापासून आम्ही गोंधळलो आहोत. २०२५ साठी आधी ५ लाख नवे कायम रहिवासी घेण्याचे ठरले होते, ते ३ लाख ९५ हजारांवर आले आणि आता २०२६ पासून तीन वर्षे दरवर्षी ३ लाख ८० हजार असा आकडा आहे. पुण्यातला एक एजंट म्हणतो की दार बंद होण्याआधी फाइल लावा, आणि त्यासाठी तो चार लाख आगाऊ मागतो आहे. या आकड्यांचा आमच्यासारख्यांसाठी नेमका अर्थ काय, आणि विमानात बसेपर्यंत किती पैसे हाताशी हवेत, याबद्दल जाणकारांनी सल्ला द्यावा.

मिसिसागावासी
पहिली गोष्ट म्हणजे ३ लाख ८० हजार हा आकडा अर्जांचा नाही. त्या वर्षात जे प्रत्यक्ष कायम रहिवासी होतील त्यांचा तो आकडा आहे, आणि त्यात अर्जदारासोबत नवरा, बायको, मुले सगळी मोजली जातात. म्हणजे तुम्ही गेलात तर त्यातल्या एक नव्हे, तीन जागा भरतील. शिवाय २०२६ मध्ये जे येतील त्यांतल्या बऱ्याच जणांचे अर्ज आजच रांगेत आहेत.

दुसरे, बातमीतला मोठा आकडा बाजूला ठेवून योजनेच्या तक्त्यातली आपली ओळ शोधा. २०२६ च्या ३ लाख ८० हजारांपैकी आर्थिक गटाला २ लाख ३९ हजार ८०० जागा आहेत. त्यात एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे गुणांवर उमेदवार निवडण्याच्या सरकारी पद्धतीतून येणारा केंद्रीय उच्च कौशल्य गट १ लाख ९ हजारांचा आणि प्रांतांनी शिफारस केलेल्यांचा गट ९१ हजार ५०० चा आहे. उरलेल्यांत ८४ हजार जागा कुटुंब गटाच्या आहेत आणि बाकीच्या निर्वासित व मानवतावादी गटांच्या. त्यांच्याशी तुमचा संबंध नाही. यात गंमत अशी की एकूण आकडा घटलेला असतानाही प्रांतांच्या शिफारशींची ओळ वाढलेली आहे, कारण २०२५ साठी ती ५५ हजारांवर आणली होती. म्हणून 'कॅनडाने दार लावले' असे सरसकट म्हणणाऱ्याला तो तक्ता उघडून दाखवायला सांगावे.

तिसरी गोष्ट मात्र कडू आहे. सध्याचे धोरण तिथे आधीपासून शिकत किंवा काम करत असलेल्यांना झुकते माप देणारे आहे. उच्च कौशल्य गटातल्या जागांचा मोठा वाटा त्यांच्याकडेच जातो, आणि त्याशिवाय आणखी ३३ हजार तात्पुरत्या कामगारांना दोन वर्षांत कायम करण्याचे जाहीर झाले आहे. भारतात बसून सर्वसाधारण गुणांवर निवड होण्याची वाट पाहणे आता फारसे शहाणपणाचे नाही. मात्र अमेरिकेसारखा देशनिहाय कोटा इथे नसल्याने भारतीय म्हणून वेगळी रांग लागत नाही.

हिशेबनीस
पैशांविषयी लिहितो. जाणारा पैसा आणि दाखवायचा पैसा हे दोन हिशेब वेगळे ठेवा, कारण एजंट मंडळी दोन्ही एकत्र करून घाबरवतात.

जाणारा पैसा असा: पीआरचे सरकारी शुल्क ३० एप्रिल २०२४ ला प्रौढामागे १,५२५ कॅनेडियन डॉलर झाले (९५० अर्जाचे आणि ५७५ कायम निवासाच्या हक्काचे), तर मुलामागे २६०. दोन प्रौढ आणि एक मूल मिळून ३,३१० होतात, आणि बायोमेट्रिक्सचे कुटुंबासाठी १७० धरले की ३,४८०. डॉलर ६३ रुपयांचा धरला तर हे सुमारे २ लाख १९ हजार रुपये होतात. अर्ज नाकारला गेला तर ५७५ चा भाग परत मिळतो, ९५० चा मिळत नाही. हे शुल्क २०२०, २०२२ आणि २०२४ असे दर दोन वर्षांनी ३० एप्रिलला वाढले आहे, त्यामुळे ३० एप्रिल २०२६ नंतर भरणार असाल तर थोडी वाढ धरून चाला. यांच्या आधी आयईएल्टीएस, पदवीचे मूल्यांकन आणि विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट यांचा खर्च येतो. तुमच्या पत्नीची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल तर ट्रान्सक्रिप्टची खटपट आजच सुरू करा. पैशांपेक्षा वेळ जास्त जातो. वैद्यकीय तपासणी २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्ज भरण्यापूर्वीच करावी लागते, तीही कॅनडा सरकारच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच, त्यामुळे तो खर्चही आता आधी पडतो.

दाखवायचा पैसा म्हणजे सेटलमेंट फंड, तिथे बस्तान बसेपर्यंतच्या खर्चाची तजवीज. जुलै २०२५ पासून एकट्यासाठी १५,२६३, दोघांसाठी १९,००१ आणि तिघांसाठी २३,३६० डॉलर लागतात, म्हणजे तुमच्यासाठी पावणेपंधरा लाखांच्या आसपास. हा कोणाला द्यायचा नसतो, तुमच्याच खात्यात राहतो. मात्र बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि तुमच्या नावावरची कर्जे दोन्ही लिहून द्यावी लागतात, आणि उसने घेतलेले पैसे चालत नाहीत. चिंचवडचा फ्लॅट कितीही लाखांचा असला तरी त्याची किंमत इथे धरली जात नाही. सासऱ्यांनी मदत म्हणून मोठी रक्कम टाकली तर ती भेट आहे आणि परत करायची नाही असे लेखी हवे.

चिंचवडकर
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. पत्नीला मुख्य अर्जदार धरून मी सरकारी संकेतस्थळावर गुण काढले. दोघांनाही इंग्रजीत सीएलबी ९ (कॅनडाच्या भाषा-मापनातली पातळी) मिळेल असे गृहीत धरून एकूण ४१६ होतात. मला मुख्य धरले तर वयाचेच २० गुण कमी होतात. ४१६ पुरेसे आहेत का? नाहीतर पत्नीने आधी तिथे शिकायला जाणे बरे, असे काही नातेवाईक सुचवतात.

एडमंटनची सिस्टर
पत्नीलाच मुख्य धरा, त्याबद्दल शंका नको. परिचारिकांसाठी आरोग्यसेवा गटाचे स्वतंत्र ड्रॉ (जास्त गुणवाल्यांना अर्जाचे निमंत्रण देण्याच्या फेऱ्या) होतात आणि त्यात भारतातला अनुभवही चालतो. पण ४१६ कमी आहेत, हे स्पष्ट सांगते. ऑगस्ट २०२५ च्या आरोग्यसेवा ड्रॉचा कट-ऑफ ४७० होता. मधले ५४ गुण इंग्रजीतून भरून निघणार नाहीत, कारण सीएलबी ९ तुम्ही आधीच धरले आहे. आयईएल्टीएसमध्ये त्यासाठी श्रवणात ८ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात, तेच मुळात सोपे नाही.

उरले दोन मार्ग. एक, प्रांताची शिफारस. तिचे ६०० गुण मिळतात आणि मग कट-ऑफची चिंता राहत नाही. परिचारिका कोणत्या प्रांताला हव्या आहेत ते बघून थेट त्यांच्या संकेतस्थळावर नोंद करता येते. दुसरा, फ्रेंच. चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ (फ्रेंचसाठीची तशीच पातळी) आले तर ५० गुण बोनसचे आणि दुसऱ्या भाषेचे १२ मिळतात, म्हणजे ४१६ चे ४७८ होतात. शिवाय फ्रेंच गटाचा ड्रॉ वेगळा असतो आणि मार्च २०२५ मध्ये त्याचा कट-ऑफ ३७९ पर्यंत खाली आला होता. पुण्यात अलियाँस फ्रान्सेझ आहे. शून्यापासून त्या पातळीला पोहोचायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष तरी लागेल, आणि बत्तिसाव्या वर्षानंतर दर वाढदिवसाला वयाचे ५ गुण जातील, हेही हिशेबात धरा. तरीसुद्धा तुमच्या जागी मी एजंटला चार लाख देण्याऐवजी फ्रेंचच्या वर्गाची फी भरली असती.

आणखी एक. पीआर मिळाला म्हणजे नर्स म्हणून काम मिळाले असे नाही. नोंदणी प्रांताची असते आणि त्यासाठी एनक्लेक्स-आरएन परीक्षा द्यावी लागते. ती भारतातूनही देता येते, म्हणून पीआरच्या रांगेत उभ्या असतानाच ती उरकावी. नाहीतर पहिले कित्येक महिने नोंदणी होईपर्यंत दुसरे काहीतरी काम करावे लागते आणि तुमचा सगळा खर्चाचा अंदाज कोलमडतो.

मिसिसागावासी
शिकायला जाण्याबद्दल: २०२५ साठी नव्या विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट ३ लाख ५ हजार ९०० होते, २०२६ साठी ते १ लाख ५५ हजार आहे. शिवाय जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कामाचा परवाना मुख्यत्वे सोळा महिने किंवा अधिक मुदतीच्या मास्टर्स, पीएचडी आणि काही ठरावीक व्यावसायिक पदव्यांपुरताच मिळतो. साध्या डिप्लोमासाठी पत्नी गेली तर तुम्ही तिथे काम करू शकणार नाही, आणि परदेशी विद्यार्थ्याची फी भरून तिघांचे घर चालवणे अवघड आहे. मास्टर्सला प्रवेश मिळत असेल तरच त्याचा विचार करा.

एजंटविषयी: पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि परवानाधारक सल्लागारांनाच, म्हणजे आरसीआयसींना आहे. या सल्लागारांची यादी त्यांच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तुमच्या एजंटकडे परवाना क्रमांक मागा. 'नोकरीचे पत्र मिळवून देतो' असे तो म्हणत असेल तर लगेच उठा, कारण नोकरीच्या पत्राचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढूनच टाकले आहेत, आणि ते काढण्यामागे अशा पत्रांचा चाललेला बाजार हेच कारण होते.

हिशेबनीस
एक राहिले. पैसे नेताना आर्थिक वर्षात माणशी १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापते. तो विवरणपत्र भरताना जमा धरला जातो, पण तोवर अडकतो. पावणेपंधरा लाख तुम्ही आणि पत्नी यांनी आपापल्या खात्यातून आणि आपापल्या पॅनवर अर्धे अर्धे पाठवले तर ही कापणी होत नाही. म्हणून फंड आतापासूनच दोघांच्या नावे साठवा. आणि किमान रकमेवर थांबू नका. ओंटारियोत घरमालक पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे आधीच घेतो, तर ब्रिटिश कोलंबियात सरकारी आरोग्यविमा सुरू व्हायला चालू महिना सोडून आणखी दोन महिने जातात आणि तोवर खासगी विमा घ्यावा लागतो. माझ्या मते तुम्ही २० लाख मोकळे ठेवून मगच तिकिटे काढावीत.