‘चार घरे, एक ट्रेलर’ ग्रुप : इंटरनेटचा विषय पुन्हा एकदा

धाकटी वहिनी : सर्वांना नमस्कार. मागील आठवड्यात वेस्ट व्हर्जिनियात सेनेका रॉक्सच्या मुक्कामी माझी ऑफिसची मीटिंग तीन वेळा तुटली, आणि चौथ्या वेळी माझा चेहरा तोंड उघडलेल्या अवस्थेत पडद्यावर गोठून राहिला. त्याचा फोटो आता ऑफिसात फिरत आहे. आपल्या ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घरात) राउटर आहे, छतावर मोबाइलचा क्षीण सिग्नल वाढवणारा बूस्टर आहे, दोन्हींचे पैसे चारही घरांनी दिलेले आहेत, आणि तरीही मला गॅस स्टेशनच्या आवारात गाडीत बसून काम उरकावे लागले. यावर कोणाचे काय म्हणणे आहे ते कळावे.

नानाकाका : बूस्टर मी २०१८ साली स्वतः वर चढून बसवला आहे. त्याला नावे ठेवण्यापूर्वी जागा कोणती होती ते पाहावे. सेनेका रॉक्स ज्या पेंडलटन काउंटीत आहे, ती १९५८ पासून नॅशनल रेडिओ क्वाएट झोनमध्ये येते. ग्रीन बँक वेधशाळेच्या १०० मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होऊ नये म्हणून सुमारे १३,००० चौरस मैलांच्या त्या पट्ट्यात मोबाइलचा टॉवर उभारायचा, तरी आधी वेधशाळेशी बोलणी करावी लागतात. जिथे कोणी बोलतच नाही, तिथे लाऊडस्पीकर लावून काय ऐकू येणार?

माईआत्या (नारायणगाव) : आमच्याकडे खोडदला ४५ मीटरच्या ३० दुर्बिणी आहेत, तरी माझा फोन व्यवस्थित लागतो. बूस्टर म्हणजे करोनाची लस ना?

दादा : चर्चा कोणत्याही दिशेने जावो, माझे म्हणणे आधीच नोंदवून ठेवतो. छताला आणखी एकही भोक पाडू नये. बूस्टरच्या वायरीसाठी पाडलेल्या भोकातून दोन वर्षे पाणी झिरपले, पलंगावरचे प्लायवूड फुगले, आणि त्या दुरुस्तीचा खर्च कोणी केला हे मी येथे लिहीत नाही.

ताई : दादा, तुम्ही लिहिले नाही तरी ते आम्हाला दर दिवाळीला ऐकायला मिळते.

नानाकाका : रबरी छतावर साधे सिलिकॉन लावायला नको होते, हे मी तेव्हाच मान्य केले आहे. ते किती वेळा मान्य करावे, हे एकदा ठरवून टाका.

भाचा : मी थोडे सविस्तर लिहितो. जागा अवघड होती हे खरेच आहे, पण गेल्या उन्हाळ्यात भरपूर टॉवर असलेल्या किनाऱ्यावरही आपले रडगाणे तेच होते. आपण दर वेळी त्या वर्षीचे यंत्र घेतो आणि ते ट्रेलरला असे जखडून टाकतो की, पुढचे यंत्र आले की भिंतच उकलावी लागते. पहिला हॉटस्पॉट ३जीचा होता. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या मोबाइल कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केले आणि तो कपाटात गेला. सध्याचा राउटर ४जीचा आहे, आणि आपल्या बूस्टरला २.५ व ३.७ गिगाहर्ट्झचे ५जी पट्टे (ज्या लहरींवर ५जी चालते ते) ठाऊकच नाहीत. शिवाय छतापासून खालच्या कपाटापर्यंत २० फूट बारीक कोअ‍ॅक्स वायर (अँटेनाचा सिग्नल वाहणारी) टाकलेली आहे. त्यावर उद्या नवा अँटेना लावला, तरी ३.७ गिगाहर्ट्झची निम्म्याहून अधिक शक्ती त्या वायरीतच विरून जाईल. म्हणून कायमचा करायचा तो फक्त रस्ता : एक रुंद नळी, तिच्यातून कॅट-६ म्हणजे इथरनेटची केबल आणि १२ व्होल्टची जाड वायर, व राउटरची जागा छतालगतच्या कपाटात, म्हणजे कोअ‍ॅक्स सहा फुटांत आटोपेल. बाकीचे लांब अंतर इथरनेट काही न गमावता कापते. राउटर चार स्क्रूंवर राहील आणि पाच वर्षांनी तेवढाच बदलता येईल.

दादा : नळी रुंद, म्हणजे भोकही रुंद. छताला आणखी एकही भोक पाडू नये.

भाऊजी : एवढा खटाटोप कशासाठी? उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकची मिनी थाळी घ्यावी. जेमतेम ११०० ग्रॅमची आहे, टेबलावर ठेवली की काम झाले.

धाकटी वहिनी : भाऊजी, आपण नेहमी झाडीतली जागा आरक्षित करतो, आणि त्या थाळीला मोकळे आकाश लागते.

भाचा : म्हणूनच ती छतावर पक्की बसवायची नाही. सोबत १५ मीटरची केबल येते, त्यामुळे ट्रेलर सावलीत ठेवून थाळी उन्हात नेता येते. मात्र एवढ्या लांब वायरीत १२ व्होल्टचा दाब घसरतो, म्हणून बॅटरीजवळ तो वाढवणारा कन्व्हर्टर लागेल. मिनी साधारण २५ ते ४० वॅट घेते आणि मोठी थाळी ७५ ते १००. आपल्या १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॅट-तास मावतात. मोठी थाळी दहा तास चालवली, तर रात्री दिव्यांना फारसे काही उरणार नाही.

ताई : मागच्या वर्षी बॅटरी रात्री दोन वाजता बसली होती, ती कोणाच्या पॉपकॉर्नमुळे, हेही या निमित्ताने नोंदवावे.

भाऊजी : मायक्रोवेव्ह मी चार मिनिटे चालवला होता.

ताई : चार वेळा. आता खर्चाचे बोलू. आम्ही ट्रेलर घेतला तो इंटरनेटपासून लांब जाण्यासाठी. ज्यांना सुट्टीतही नोकरी करायची आहे, त्यांनी महिन्याची वर्गणी भरावी, असे मला वाटते. राग नसावा.

धाकटी वहिनी : राग मुळीच नाही. माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर किनाऱ्यावर तीन दिवस क्रिकेटचे सामने पाहिले गेले आणि माझा वेगवान डेटा संपला, तेव्हाही मी काही बोलले नव्हते.

भाचा : वर्गणी बारा महिने पूर्ण भरावी लागत नाही. २०२५ च्या ऑगस्टपासून स्टारलिंकची रोमिंगची योजना पूर्णपणे थांबवण्याऐवजी थोडक्या पैशांत (तेव्हाचा दर महिना ५ डॉलर) निद्रिस्त ठेवण्याची सोय झाली. आणि थाळी राउटरलाच जोडायची आहे, म्हणजे टॉवर असेल तिथे सिमकार्ड चालेल आणि नसेल तिथे थाळी. वायफायचे नाव आणि पासवर्ड तेच राहतील, म्हणजे माईआत्यांना व्हिडिओ कॉल करण्यासाठी दर वेळी नव्याने जोडणी करावी लागणार नाही.

माईआत्या (नारायणगाव) : हे फार बरे झाले. मला तुम्ही नेहमी अर्धेच दिसता.

दादा : कोणी उत्तर दिले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. छताला आणखी एकही भोक पाडू नये.

भाचा : दादामामा, एकही पाडायचे नाही. आपला फ्रिज गॅसवर चालतो, त्यामुळे त्याच्या मागची गरम हवा बाहेर टाकायला छतावर झाकणाची एक वाट मुळातच आहे. नळी तिच्यातून खाली येईल, फक्त ती बर्नरपासून आणि गरम नळ्यांपासून लांब बांधायची. राउटरचे कपाट फ्रिजला लागूनच आहे. अँटेना बूस्टरच्या जुन्या पट्टीवर बसेल, आणि बूस्टरचे भोक रबरी छताला चालणाऱ्या सीलंटने कायमचे बुजवून टाकू.

नानाकाका : म्हणजे बूस्टर काढणार तर.

धाकटी वहिनी : नानाकाका, तुम्ही तो बसवला म्हणून २०१९ मध्ये आम्हाला बातम्या तरी वाचता आल्या होत्या. आता त्याने निवृत्त व्हावे.

दादा : एक भोक कमी होणार असेल, तर माझी हरकत नाही. एक चतुर्थांश खर्च आजच पाठवतो. वर कोण चढणार आहे?

नानाकाका : शिडी माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी येतो.

दादा : अवश्य यावे. सिलिकॉन मात्र घरी ठेवून यावे, ही नम्र विनंती.