जुन्या कॅम्पर व्हॅनची मागची बॅटरी प्रवासात चार्ज होत नाही : सल्ला हवा आहे

चोपडेकर :
नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची बारा आसनी डिझेल मिनीबस आहे. सात वर्षांपूर्वी मागची आसने काढून ती आम्ही राहण्याजोगी करून घेतली. इंजिनाची बॅटरी चालकाच्या आसनाखाली आहे आणि पलंगाखाली १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी असून तिच्यावर १२ व्होल्टचा छोटा फ्रीज, दोन पंखे, दिवे आणि मोबाइल-लॅपटॉपसाठी एक लहान इन्व्हर्टर चालतो. दोन्ही बॅटऱ्या रिलेमधून (विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचमधून) जोडलेल्या आहेत. इंजिन चालू असताना डायनामोने दोन्ही भराव्यात आणि इंजिन बंद होताच मागची पुढचीपासून तुटावी, अशी योजना आहे.

दिवाळीनंतर आम्ही चोपड्याहून शिरपूर, शहादामार्गे तोरणमाळला गेलो. चार तासांहून अधिक गाडी चालली असल्याने बॅटरी वाटेत भरली असेल असे गृहीत धरले होते. परंतु यशवंत तलावाजवळच्या मुक्कामात रात्री एकच्या सुमारास फ्रीज बंद पडला आणि दिवे मंदावले. तिथल्या थंडीत पंखे लावण्याचा प्रश्नच नव्हता. सकाळी इंजिन मात्र एका सेल्फमध्ये चालू झाले. बॅटरीच्या दुकानदाराने तपासणी न करताच “बॅटरी गेली, नवी टाका” असे सांगितले. याआधीची बॅटरीही दोनच वर्षांत संपली होती, त्यामुळे पुन्हा पैसे घालण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

तापीकाठ :
चोपडेकर भाऊ, नवी बॅटरी तूर्त घेऊ नका. आपल्या वर्णनावरून बॅटरी बिघडण्यापेक्षा उपाशी राहत असावी, आणि उपाशी ठेवलेली शिशाची बॅटरी काही महिन्यांत सल्फेट धरून (प्लेटांवर कडक थर बसून) खरोखरच बिघडते. पहिलीचे बहुधा तेच झाले. आधी तिचा दोष आहे की नाही हे ठरवून घ्यावे. घरच्या चार्जरने ती पूर्ण भरा, सर्व जोडण्या सोडवून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर ती भरून घेते आणि धरूनही ठेवते असे समजावे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. त्यासोबत हायड्रोमीटरने, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल तपासा. एखाद्या सेलचे विशिष्ट गुरुत्व बाकीच्यांपेक्षा ०.०५० एवढे खाली असेल, तरच दुकानदाराचे म्हणणे खरे ठरेल.

त्यानंतर मागची बॅटरी थोडी उतरवा, इंजिन चालू करून वेग जरा वाढवा, हेडलाइट लावा आणि चार ठिकाणी मोजा : पुढच्या बॅटरीच्या दोन टोकांवर, मागच्या बॅटरीच्या दोन टोकांवर, मग मीटरची एक पिन पुढच्या धन टोकावर व दुसरी मागच्या धन टोकावर, आणि शेवटी तसेच दोन्ही ऋण टोकांमध्ये. शेवटची दोन मापे बहुतेक जण घेतच नाहीत, आणि दोष नेमका तिथेच लपलेला असतो. विद्युतप्रवाह वाहत असतानाच ही मापे घ्यायची आहेत, कारण प्रवाह नसेल तर सडलेली जोडणीसुद्धा मीटरवर निर्दोष दिसते.

रानवाट :
एवढ्या मोजमापात पडण्यापेक्षा मी थेट लिथियम बॅटरी टाकण्याचा सल्ला देईन. वजन निम्म्याहून कमी होते आणि ती लवकर भरते.

तापीकाठ :
रानवाट, लिथियमला माझा विरोध नाही, परंतु या गाडीत ती आहे त्याच तारांवर बसवू नये. तिचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती जेवढा मिळेल तेवढा प्रवाह ओढते; त्यात बारीक तार तापते आणि जुना डायनामो सतत पूर्ण भाराने चालून त्याचे डायोड जातात. मधे डीसी-डीसी चार्जर, म्हणजे डायनामोकडून मर्यादित प्रवाह घेऊन मागची बॅटरी भरणारे यंत्र, घालावाच लागेल. शिवाय अशा बऱ्याच बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते, आणि मे महिन्यात भुसावळला उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तेवढी उष्णता दुपारी अकरालाच होते.

चोपडेकर :
सांगितल्याप्रमाणे सर्व मापे घेतली. रात्रभरानंतर बॅटरी १२.६३ व्होल्टवर होती आणि सहाही सेल १.२३५ ते १.२४० मध्ये आहेत. इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवर १४.१, मागच्या बॅटरीवर केवळ १२.९. दोन धन टोकांमध्ये ०.८ आणि दोन ऋण टोकांमध्ये ०.४ व्होल्ट आले. शेजारच्या वायरमनदादांकडून क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) आणून पाहिले, तर मागे जेमतेम ८ अँपिअर जात होते. धन तार ६ चौरस मिलिमीटरची, सुमारे ७ मीटर लांब आहे. ऋण बाजू बॉडीवर अर्थ केलेली आहे.

तापीकाठ :
मापे उत्तम घेतली आहेत, ०.८ आणि ०.४ मिळून १.२ होतात, आणि १४.१ मधून १.२ वजा केले की मागचे १२.९ तंतोतंत जुळतात. त्यामुळे डायनामो, कटआउट (डायनामोचा व्होल्टेज नियंत्रक) आणि बॅटरी तिन्ही निर्दोष ठरतात. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ३.३ मिलिओहम धरला, तर ७ मीटरमध्ये ८ अँपिअरला ०.२ व्होल्टसुद्धा पडत नाही. राहिलेले ०.६ व्होल्ट रिलेचे संपर्कबिंदू, फ्यूजची बैठक आणि थिंबल (तारेच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी) यांच्यात जळत आहेत. रिलेच्या दोन जाड खिळ्यांवर मीटर लावून पाहा. ऋण बाजूचे ०.४ व्होल्ट अर्थच्या बोल्टमध्ये असणार. तो रंगावरच आवळला गेला असावा.

ट्युब्युलर बॅटरीला पूर्ण भरण्यासाठी १४ व्होल्टच्या वर काही तास हवे असतात. १२.९ वर ती रोज थोडे घेते, भरत मात्र कधीच नाही.

दुरुस्ती करायचीच आहे, तर एकदाच नीट करावी. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल घ्या आणि ऋण बाजूसाठीही तशीच केबल मागच्या बॅटरीपासून पुढच्या बॅटरीपर्यंत ओढा, म्हणजे बॉडीवर विसंबायला नको. १०० अँपिअरचा व्होल्टेज-संवेदी रिले (व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा-तोडणारा) बसवा. थिंबल हातोडीने ठोकून नव्हे, तर हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण केबल मधे कुठे घासून बॉडीला टेकली तर दोन्ही बॅटऱ्या आपापल्या बाजूने आग लावू शकतात. एक फ्यूज पुरतो असे सांगणाऱ्याचे ऐकू नका.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी लिहितो. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. पलंगाखाली ती उघडी असेल, तर बंद पेटीत ठेवून नळी गाडीबाहेर काढावी. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर पंधरा दिवसांनी पाहावी.

रानवाट :
लिथियमविषयीचा मुद्दा मान्य आहे. तरीही केवळ प्रवासावर अवलंबून राहू नये असे मला वाटते. शिशाची बॅटरी ८० टक्क्यांनंतर फार हळू भरते, त्यामुळे केबल कितीही जाड असली तरी शेवटचा पाचवा हिस्सा चार तासांत भरणे कठीण. छतावर २०० वॉटचे सौर पॅनल टाकल्यास आपल्याकडच्या उन्हात दिवसाला ५० अँपिअर-तासांच्या आसपास मिळतात, आणि हे काम गाडी उभी असतानाही चालू राहते. पॅनल छताला चिकटवू नका, खाली हवा खेळू द्या. तापलेले पॅनल कमी वीज देते.

चोपडेकर :
दोघांचे आभार. जळगावला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे काम करून घेतले. रिले उघडला तेव्हा संपर्कबिंदू काळे पडून खड्डे पडलेले होते, आणि अर्थचा बोल्ट तापीकाठ यांनी म्हटल्याप्रमाणे रंगावरच होता. आता मागे १३.८ व्होल्ट मिळतात आणि सुरुवातीला २८ अँपिअर जातात. पॅनल पुढच्या महिन्यात बसवणार आहे; दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला मात्र सध्याच्या व्यवस्थेवरच जाऊ.

एक शंका तरी शिल्लक राहिली होती : तोरणमाळला निघताना बॅटरी मुळात एवढी रिकामी कशी होती? फ्रीज, दिवे बंद करून मीटर मालिकेत जोडला, तर १.१ अँपिअर वाहत होते. फ्यूज एकेक काढत गेलो आणि इन्व्हर्टरच्या फ्यूजवर प्रवाह थांबला. त्याला काहीही जोडलेले नसताना तो चालूच राहत होता. म्हणजे दिवसाला सुमारे २६ अँपिअर-तास. निघण्यापूर्वी गाडी अंगणात पाच दिवस उभी होती. इन्व्हर्टरच्या वाटेवर आता वेगळा स्विच बसवून घेतला आहे.