लाल कार्डवाल्याले बेस्ट प्लेअर द्याव का?

दारव्हेकर: पऱ्हाटी निंगाल्यावर वावरात चुन्याच्या लायनी मारून आमची फुटबॉलची टुर्नामेंट होते. एक पोट्टा सारे सामने भारी खेळला, पण फायनलले रेफरीच्या शर्टावर थुकला. लाल कार्ड! बेस्ट प्लेअरची सायकल मंडपात उभी हाये, हँडलची पन्नी बी काढली नाई. कमिटीत दोन तट पडले. म्या म्हणतो देऊ नये.

वऱ्हाडी गोलकीपर: काहून नाई? २००६ च्या वर्ल्ड कप फायनलमधी फ्रान्सच्या झिदाननं इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीत डोकं हाणलं, तरी गोल्डन बॉल, म्हंजे वर्ल्ड कपच्या बेस्ट प्लेअरचं बक्षीस, त्यालेच भेटला.

दारव्हेकर: भाऊ, ते बक्षीस पत्रकारायच्या मतानं ठरलं, अन् बरीच मतं त्यानं डोकं हाणायच्या आधीच पडली होती. आमची बैठक तं उद्या हाये.

पुसदचा मास्तर: बॅलन डी’ओरच्या, म्हंजे जगातल्या बेस्ट फुटबॉलरच्या बक्षिसाच्या, निकषात खेळाडूची वागणूक अन् फेअर प्लेबी हाये, पण तिसऱ्या नंबरवर. पहिला नंबर खेळालेच. लिव्हरपूलच्या सुआरेझले २०१३ मधी समोरच्या खेळाडूले चावल्यापायी दहा सामन्यायची बंदी झाली, तरी पुढच्याच सीझनले, २०१४ मधी, इंग्लंडमधी खेळणाऱ्या खेळाडूयनं त्यालेच बेस्ट प्लेअर निवडलं. तुमच्या पत्रकावर काय छापलं होतं?

दारव्हेकर: नुसतं ‘उत्कृष्ट खेळाडू’.

पुसदचा मास्तर: मंग सायकल द्या, अन् पुढच्या साली खेळू देऊ नका. थुकणं लयच वंगाळ.

दारव्हेकर: रेफरी आमचा जावई हाये, मास्तर. त्याले कोण समजावन?